द्राक्षबियांचा अर्क, डाळिंबाच्या कॅप्सूल आणि विस्मरण: घरात कोणी दिलंय का?

गंगापूररोडवाली
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. सासूबाई ७४ च्या आहेत. दिवाळीपासून एकच गोष्ट परत परत विचारतात, गॅसवर दूध विसरणं वगैरे तर आपल्या सगळ्यांचंच होतं पण परवा काळारामाच्या देवळातून यायला रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगता येईना, ज्या घरात लग्न होऊन आल्यापासून राहतायत त्या घराचा. आता जाऊबाईंनी कुठल्याशा प्रदर्शनातून एक बाटली आणलीय. द्राक्षाच्या बिया, डाळिंबाचं साल, ब्लूबेरी असा सगळ्याचा अर्क, वर मेंदूचं चित्र, महिन्याचा खर्च दोन हजारांच्या वर. विकणारा म्हणे अल्झायमरवर चालतं, पार्किन्सनवर चालतं, शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. आमचे हे म्हणतात फळंच तर आहेत, दे की. मला काही पटत नाहीये पण नाही म्हणायला हाताशी कारण पण नाही. कोणाला याबद्दल नीट माहितीये का? फॉरवर्ड नको प्लीज, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर ढिगाने आहेत.

सिडकोचा_सच्चू
द्या बिनधास्त. आमचे आजोबा रोज काळ्या मनुका भिजवून खायचे, ९२ व्या वर्षी पण रेशनचा हिशोब तोंडपाठ.

भद्रकालीकर
सच्चू, आजोबा तंबाखू पण खायचे असं तूच मागच्या वेळी लिहिलेलंस ना. मग क्रेडिट मनुकांनाच का 😄

निफाडचा_बागायतदार
ताई, पहिल्यांदा एक सांगा, द्राक्षाच्या बिया आणल्या कुठून? आमच्याकडं थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद, सगळा सीडलेस माल. बी असलेलं द्राक्ष गिऱ्हाईक तोंडात घेत नाय. बिया निघतात त्या वायनरीत, वाईनसाठीची द्राक्षं चेंबली की खाली चोथा राहतो त्यात साल बिया सगळं असतं, त्याचा अर्क काढतात हे खरंय. म्हणजे माल खोटा असेलच असं नाय पण बाटलीवर हिरव्या थॉमसनचा घड छापलेला असला तर समजून घ्या चित्र काढणाऱ्याला द्राक्ष माहित नाय.

दुसरं, द्राक्षाच्या सालीतलं ते रेस्व्हेराट्रॉल रेस्व्हेराट्रॉल जे करतात ना ते वेलीनं माणसासाठी नाय बनवलेलं. वेलीवर बुरशी आली का ती स्वतःला वाचवायला सालीत बनवते. आणि आम्ही ऑक्टोबर छाटणीपासून डाउनी येऊ नये भुरी येऊ नये म्हणून फवारण्या करत बसतो, तिला बिचारीला स्वतः काय बनवायची वेळच येऊ देत नाय.

फार्मसीवाल्या_बाई
बागायतदार दादांनी माझं अर्धं लेक्चर आधीच घेतलं. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे सासूबाईंना काय झालंय हे मी सांगू शकत नाही, पण बाटलीबद्दल बोलू शकते.

हे सगळं हवेतून आलेलं नाही आधी ते सांगते. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाउ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. हे थर आणि गुठळ्या आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये पहिल्यांदा दाखवल्या. पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण, सूज, हे पण त्यात असतं. आता फळांच्या रंगात आणि तुरटपणात जी पॉलिफेनॉलं असतात ती काचेच्या बशीत पेशींवर टाकली की ऑक्सिडेशन कमी होतं, अमायलॉइड चिकटणं कमी होतं, असे पेपर शेकड्याने आहेत. उंदरांवर पण आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसारखा आजार होईल असे जनुक बदललेले उंदीर घेऊन त्यांना डाळिंबाचा रस पाजला, तर साध्या साखरपाण्यावरच्या उंदरांपेक्षा मेंदूतलं अमायलॉइड जवळपास निम्मं निघालं. निम्मं! असं वाचलं की कोणीही कॅप्सूलचा कारखाना काढेल.

पण बशीतल्या पेशीला औषध थेट मिळतं. आपण गिळलं की ते आधी आतड्यात मोडतं, मग लिव्हर त्याचं रूप बदलून टाकतं, रेस्व्हेराट्रॉल तर तोंडाने घेतलं की मूळ रूपात रक्तात एक टक्का सुद्धा पोचत नाही, आणि रक्तात आलं तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चाळणी वेगळीच बारीक, तिथून आणखी थोडंच आत जातं.

तरी माणसांवर करून बघितलंच. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ट्रायलचा निकाल २०१५ मध्ये आला, सौम्य ते मध्यम अल्झायमरचे ११९ पेशंट, वर्षभर, डोस वाढवत वाढवत दिवसाला २ ग्रॅम शुद्ध रेस्व्हेराट्रॉल. एवढ्या डोससाठी रेड वाईनच्या साधारण हजार बाटल्या लागतील असा हिशोब त्यांनीच दिला होता. पाठीच्या पाण्यातल्या अमायलॉइडच्या आकड्यात थोडा फरक दिसला, तो पेपरात छापून आला. पण मेंदूचं आकारमान औषधवाल्या गटात प्लासिबोपेक्षा, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा, जास्त घटलं. का घटलं यावर वाद आहे, काही म्हणतात सूज उतरली म्हणून. असेल. पण अशा गोष्टीला शंभर टक्के सुरक्षित म्हणून विकणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

भद्रकालीकर
हजार बाटल्या म्हणलं की आपल्या नाशिककरांचे कान टवकारतात हां बाई, जरा जपून.

सटाण्याची_डाळिंबवाली
डाळिंबाबद्दल मी पण लिहिते कारण आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा साल वाळवून न्यायला मागतो. उंदराचं जाऊद्या, डाळिंबाच्या रसावर माणसांवरचं काही आहे का? तेल्या रोगाने बाग खाल्लेली असताना निदान एवढी तरी चांगली बातमी द्या 😅

फार्मसीवाल्या_बाई
आहे आणि ते रेस्व्हेराट्रॉलपेक्षा बरं आहे. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलं, ५० ते ७५ वयाची दोनेकशे माणसं, रोज एक ग्लास रस किंवा रसासारखं दिसणारं चवीचं पाणी, वर्षभर. आकृत्या बघून लक्षात ठेवायच्या चाचणीत रसवाल्यांची शिकण्याची क्षमता टिकली, पाणीवाल्यांची थोडी घसरली. पण त्याच चाचणीत थोड्या वेळाने आठवून सांगायला लावलं तेव्हा दोन्ही गटांत फरक नाही. आणि ही सगळी धडधाकट माणसं होती, डिमेन्शियाचे, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचे, पेशंट नव्हेत. खर्च डाळिंबाचा रस विकणाऱ्या कंपनीचा होता. तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणीतरी, मोठ्या संख्येवर, परत करून दाखवेपर्यंत मी त्यावर घराचं बजेट हलवणार नाही.

एक गंमत आणखी. डाळिंबातली जी मुख्य पॉलिफेनॉलं आहेत ती स्वतः फारशी शोषलीच जात नाहीत. आतड्यातले जंतू त्यांच्यापासून युरोलिथिन ए नावाचा पदार्थ बनवतात आणि खरं काम तो करतो असं आता मानतात. पण तो बनवणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. म्हणजे एकाच डाळिंबाचे दाणे नवराबायकोने वाटून खाल्ले तरी एकाला मिळेल एकाला नाही. बाटलीवर हे कोण लिहिणार.

आणि एका ग्लास रसात तीसेक ग्रॅम साखर असते. शुगर असेल तर रस नको, दाणे चावून खा.

गंगापूररोडवाली
आईंना शुगर आहेच, शिवाय बीपी, आणि अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत.

फार्मसीवाल्या_बाई
मग तर ताई, बाटली बाजूला ठेवा. द्राक्षबियांच्या अर्काने रक्त गोठणं मंदावू शकतं, त्यात आधीच त्या गोळ्या, वर किती अर्क आहे त्याचं प्रमाण लेबलवर धड लिहिलेलं नसतं. द्यायचंच असा घरात हट्ट असेल तर बाटली घेऊन त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, फोटो नको, बाटली. पेशंट या गोष्टी डॉक्टरला सांगतच नाहीत, फळाचं आहे म्हणून औषधात धरत नाहीत.

वैद्यांचा_नातू
मला या सगळ्या चर्चेचा सूर आवडला नाही. आपल्याकडची गोष्ट आली की पुरावा दाखवा आणि परदेशी कंपनीची गोळी आली की निमूटपणे गिळा. ब्राह्मी, आवळा, द्राक्षासव हे काय आत्ता प्रदर्शनात आलं का? वनस्पतीत औषध असतं हे तुमची फार्मसीच शिकवते ना बाई?

फार्मसीवाल्या_बाई
शिकवते की, आवडीने शिकवते. अल्झायमरमध्ये आज डॉक्टर जी गॅलंटामाइन लिहून देतात ती स्नोड्रॉप नावाच्या फुलाच्या कंदातून सापडली, अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. पण ती वनस्पती आहे म्हणून नाही मिळाली. त्यातला एक रेणू वेगळा काढला, किती मिलिग्रॅम द्यायचा ते ठरवलं, हजारो पेशंटवर प्लासिबोशी तुलना केली आणि तेव्हा कुठे दिसलं की स्मरणशक्तीला थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. एवढं सगळं करून दावा किती लहान, बघा. आणि प्रदर्शनातल्या माणसाचा केवढा.

परदेशी म्हणून मी कोणाला सोडत नाहीये हो. गिंको बिलोबाच्या पानांचा अर्क जगभर स्मरणशक्तीच्या नावाने विकला जातो. अमेरिकेत ७५ च्या पुढच्या तीन हजारांवर लोकांना तो कितीतरी वर्षं देऊन २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया एका टक्क्यानेही कमी झाला नाही. कोकोच्या अर्काची पण दोन हजारांवर ज्येष्ठांवर तीन वर्षं मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल, स्मरणशक्तीवर फायदा नाही.

वैद्यांचा_नातू
मान्य आहे असं नाही पण निदान सगळ्यांना एकच फुटपट्टी लावताय हे बरं आहे.

पेठरोड_निवासी
नैसर्गिक म्हणजे निर्धोक यावर मला बोलायचंय. लक्ष्मणफळ माहितीये ना सगळ्यांना, ते सीताफळाच्या जातीतलं काटेरी हिरवं, कॅन्सर बरा होतो म्हणून ज्याची पानं पाकिटात विकतात. तर कॅरिबियनमध्ये ग्वादलूप नावाचं फ्रेंच बेट आहे, तिथे पार्किन्सनसारख्या पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या आजाराचे पेशंट भलतेच जास्त निघाले. १९९९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की हे लोक या फळाचं सरबत आणि पानांचा काढा वर्षानुवर्षं घेत होते. त्यात ॲनोनासिन नावाचं द्रव्य सापडलं जे पेशीच्या ऊर्जा बनवायच्या यंत्रणेतच खीळ घालतं. नंतर फ्रेंच शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की रोज एक फळ खाल्लं तर वर्षभरात जेवढं ॲनोनासिन पोटात जाईल, तेवढ्याने शिरेतून देऊन उंदरांच्या मेंदूत इजा झाली होती. माणसात थेट कारण म्हणून शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही, पण मेंदू वाचवायला फळाचा अर्क घ्यायचा आणि त्यानेच मेंदूला धोका, असं पण होऊ शकतं हे त्या बेटावरून शिकावं.

सिडकोचा_सच्चू
म्हणजे सीताफळ पण बंद का आता???

पेठरोड_निवासी
नाही रे बाबा. सीझनला चार सीताफळं खाणं वेगळं आणि पानांचा काढा रोज उठून वर्षभर पिणं वेगळं. बिया मात्र वाटून डोक्याला लावायचे प्रकार करू नको, डोळ्यात गेलं तर वाट लागते.

निफाडचा_बागायतदार
पार्किन्सनचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर गप बसणार होतो. आमच्या शिवारात हात थरथरणारी माणसं मी बघितलीत, का झालं ते मी सांगू शकत नाय, मी काय डॉक्टर नाय. पण माझा पोरगा कृषीला आहे त्यानं मला वाचून दाखवलं, अमेरिकेत शेतकऱ्यांचा अभ्यास झाला, २०११ ला छापून आला, पॅराक्वाट तणनाशक किंवा रोटेनोन वापरलेल्यांत पार्किन्सन अडीच पट दिसला. युरोपनं पॅराक्वाट २००७ ला बंद केलं. आणि ते रोटेनोन काय तर झाडाच्या मुळीतून काढलेलं, नैसर्गिक कीटकनाशक म्हणून विकायचे. ते देऊन प्रयोगशाळेत उंदरांना पार्किन्सन करतात म्हणे.

२०१० ला लिहोसिन म्हणजे वेलीची वाढ आवरायच्या औषधाच्या रेसिड्यूवरून, म्हणजे फळात उरलेल्या अंशावरून, युरोपनं आपली द्राक्षं अडवली तेव्हा गावात हातातोंडाचा घास गेला, त्याच्यानंतर एक्स्पोर्टवाला रेसिड्यूचा रिपोर्ट मागतो आणि आम्ही गुपचूप देतो. खाणाऱ्याच्या पोटात काय जातं त्याची एवढी तपासणी, चांगलंय, झालीच पाहिजे. पण उघड्या तोंडानं, हाफ चड्डीवर ब्लोअरमागं बसणाऱ्याच्या नाकात काय जातं ते कोण तपासतो? मास्क म्हणून रुमाल बांधतात, तो पण ओला. मेंदू वाचवायची एवढी कळकळ असंल तर त्या दोन हजारात फवारणीवाल्या गड्याला चांगला मास्क आणि हातमोजे येतात, चार सीझन टिकतात.

सटाण्याची_डाळिंबवाली
दादा, हे वेगळ्या धाग्यात लिहा, खरंच लिहा. आमच्याकडे तेल्यासाठी किती काय मारतात आणि चहा प्यायला हात पण नीट धुवत नाहीत.

तपोवनची_मावशी
मी गेली बरीच वर्षं घरी पेशंट सांभाळतेय, माझे यजमान. त्यामुळे गंगापूररोडवाली, तुला माझं एवढंच सांगणं, बाटली घ्यायची का नाही हा प्रश्न नंतरचा. आधी न्यूरोफिजिशियन किंवा वृद्धांच्या आजाराच्या डॉक्टरकडे ने. विसरणं म्हणजे अल्झायमरच असं धरून चालू नको. बी १२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, डिप्रेशन असलं, झोपेच्या गोळ्या चालू असल्या, तरी माणूस असंच करतो, आणि त्यातलं बरंच दुरुस्त होतं. आपल्या शाकाहारी घरात बी १२ चा रिपोर्ट बघून डॉक्टर हसतात इतका कमी असतो. शुगरची मेटफॉर्मिन घेत असतील तर आणखी कमी. आणि कान तपास. यांना ऐकू कमी यायचं, आम्ही समजत होतो लक्ष नाही.

फार्मसीवाल्या_बाई
मावशी बरोबर. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिलीत, जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शियाचा त्यांच्याशी संबंध जोडलाय. कमी ऐकू येणं, चष्मा किंवा मोतीबिंदूकडे दुर्लक्ष, बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, एकटेपणा, प्रदूषण, डोक्याला मार, कमी शिक्षण वगैरे अशी ती यादी आहे. फळाचा अर्क न घेणे हे कारण त्यात कुठे सापडलं नाही 🙂 आपल्याकडे साठीपुढच्या लोकांत साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे असा २०२३ चा अंदाज. एवढी घरं हवालदिल आहेत, म्हणून तर प्रदर्शनात स्टॉल लागतात.

कॉलेजरोडची_पोर
मग फळं खायची का नाही ते तर सांगा, मी ब्लूबेरीच्या डबीला तीनशे मोजते दर आठवड्याला.

फार्मसीवाल्या_बाई
खा की. अमेरिकन नर्सेसच्या मोठ्या पाहणीत, २०१२ मध्ये, सत्तरीपुढच्या सोळा हजार बायकांत आठवड्यातून दोनदा तरी ब्लूबेरी स्ट्रॉबेरी खाणाऱ्यांची बुद्धी अडीच वर्षांपर्यंत उशिरा मंदावताना दिसली. पण अशी फळं खाणारी बाई चालायला पण जात असते, बरे पैसे पण बाळगून असते, ते कितीही वजा केलं तरी पूर्ण वजा होत नाही. मग बेरी, पालेभाजी, सुकामेवा असा आहार ठरवून २०२३ मध्ये ६०४ लोकांवर तीन वर्षांची चाचणी आली, तर दुसऱ्या गटाशी ठळक फरक नाही. तीन वर्षं हा काळ अपुरा असेल, कारण मेंदूत अमायलॉइड साचणं लक्षणांच्या पंधरा वीस वर्षं आधी सुरू होतं. सत्तराव्या वर्षी सुरू केलेल्या कॅप्सूलने काय साधणार हा प्रश्न पण तिथेच येतो.

पेठरोड_निवासी
तीनशेची ब्लूबेरी कशाला. थंडीत सापुतारा रस्त्याला लागलीस की सुरगाण्याची स्ट्रॉबेरी घेऊन बाया बसलेल्या असतात, उन्हाळ्यात पेठ हरसूलकडची करवंदं, मग जांभळं. जांभळाने जीभ जांभळी होते तो रंग म्हणजे ब्लूबेरीत असतात त्याच जातीची अँथोसायनिनं. आणि पैसे थेट त्या बाईच्या हातात.

वैद्यांचा_नातू
बरं बाई, एक खरा प्रश्न. माझ्या काकांना पार्किन्सन आहे, लेव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत आणि कोणीतरी कवचबीजाचं चूर्ण सोबत घ्या सांगितलंय. हे पण थोतांड म्हणणार का?

फार्मसीवाल्या_बाई
अजिबात नाही, उलट हे खरं औषध आहे आणि भीती तीच आहे. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी, त्यात लेव्होडोपाच असतं, १९३७ मध्ये आपल्याच देशातल्या दोन शास्त्रज्ञांनी ते बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. लंडनला २००४ मध्ये आठ पेशंटवर चूर्ण विरुद्ध गोळी अशी तुलना झाली, चूर्णाचा असर लवकर सुरू झाला. आठच पेशंट, पण असर खरा. म्हणजे काका गोळी आणि चूर्ण दोन्ही घेत असतील तर एकाच औषधाचे दोन डोस चाललेत, आणि चूर्णात किती आहे ते दर डब्याला वेगळं. अंग वेडंवाकडं हलणं, भास होणं, बीपी एकदम पडून चक्कर येणं यातलं काही होतंय का विचारा. मनाने बंद पण करू नका, अचानक सोडलं तर अंग आखडून बसेल. डबा घेऊन न्यूरोफिजिशियनला दाखवा, तेच गोळीचा डोस त्या हिशोबाने बसवतील नाहीतर चूर्ण हळूहळू कमी करतील.

वैद्यांचा_नातू
रात्री भास होतात म्हणाली काकू. उद्याच फोन करतो.